गोण्यांवरचा सत्कार

शाल अंगावर येण्याआधी माइकवरून माझी जात आली.

समोर डीलर बसले होते. त्यांच्या मागे गोदामात काम करणाऱ्या बायका. पहिल्या रांगेत सोफे, आणि सोफ्यांवर शेठच्या घरच्या बायका. सूत्रसंचालन करणारा कंपनीचाच मार्केटिंग मॅनेजर होता. हातात कागद होता, पण त्याने कागद बाजूला ठेवला आणि मनानेच बोलला. "मॅडम कोणत्या समाजातून आल्या हे सांगायची गरज न्हाई. आडनावावरून तुम्ही समजून घ्या. पण आपल्या शेठचं मन बघा. आपल्या कंपनीत असला भेदभाव बिलकुल चालत न्हाई. म्हणून तर त्या आज तुमच्या-आमच्या बरोबरीनं स्टेजवर हायेत."

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. त्या शेठसाठी होत्या.

अन्वी, निहार, तुमच्या बाबाने ही गोष्ट तुम्हाला फार गोड करून सांगितली आहे. आजी रिटायर झाली, आजीने स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं, एका कंपनीने आजीचा सत्कार ठेवला आणि त्या कार्यक्रमामुळे आजीला पहिला क्लायंट मिळाला. अन्वीने ती शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तशीच लिहून मला पाठवली. त्यात खोटं एकही वाक्य नाही, आणि खरं काहीच नाही. म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मला ते जमतं. पण इंग्रजीत हा अपमान धुऊन इस्त्री केल्यासारखा दिसतो. बाबाकडून वाचून घ्या. तो मधले शब्द गाळायला लागला तर त्याला थांबवा.

क्रमाने सांगते.

माझे वडील परतूरच्या स्टेशनवर पॉइंट्समन होते. गावाबाहेरच्या वस्तीतून निघालेला माणूस रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आला, आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणाला पक्क्या भिंतीचं घर मिळालं. त्यांनी मला औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. वसतिगृहात ठेवलं. पुढे मी शेतीत एम.एस्सी. केलं, बियाणं हा विषय घेतला आणि सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत लागले. उभी हयात तिथेच गेली. काम काय, तर कंपन्या शेतकऱ्याला विकण्यासाठी जे बी तयार करतात त्याचा नमुना आमच्याकडे यायचा. ते बी आम्ही ओल्या कागदात गुंडाळून ठरलेल्या उबेत ठेवायचो आणि किती उगवलं ते बघायचो. कमी उगवलं तर तो सगळा लॉट विकायला बंदी. एवढंच. पण जालन्यात निम्मा बाजार बियाण्यावर उभा आहे. त्यामुळे मोठमोठे शेठ माझ्या केबिनबाहेर बाकावर बसायचे. आत येताना चपला काढायचे. मी कधी काढायला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी मॅडम होते. रिटायर झाले आणि बघता बघता मावशी झाले.

त्याच सुमारास बाबा कॅनडाहून म्हणाला, आई, आता इकडेच ये. अन्वी लहान होती, निहार यायचा होता. तुमची आई नोकरीवर. म्हणजे मी तुम्हाला सांभाळायला यायचं. प्रेमानेच बोलावलं होतं, त्यात शंका नाही. तुमचे आजोबा नव्हते, घरात मी एकटी. पण मला स्वच्छ दिसत होतं की एकदा तिकडे गेले की माझं सगळं शिक्षण, सगळं काम एका स्वयंपाकघरात मिटून जाईल. मी त्याला सांगितलं, पेरण्या होईपर्यंत थांब. तोवर मला एक क्लायंट मिळाला तर मी इथेच राहीन. नाही मिळाला तर तिकीट काढ.

हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. मी तुम्हाला सांभाळायला आले नाही, कारण मला काम करायचं होतं. वाईट वाटलं तर वाटू द्या.

जुन्या जालन्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. पाटी रंगवून घेतली. वर माझं नाव, खाली 'बियाणे गुणवत्ता सल्लागार'. समोरच्या कापडवाल्याने दुकानातून उठून येऊन पाटी वाचली आणि विचारलं, "मावशी, सल्ल्याचे बी पैसे घेतात काय?"

घेतात म्हटलं. तो हसला. वाईट माणूस नव्हता. लहान मुलीने भातुकलीत दुकान मांडल्यावर हसावं तसा हसला.

मग लोक येऊ लागले. क्लायंट नव्हेत, लोक. एका कंपनीचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आला. त्याला बियाण्याबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. म्हणाला, "मॅडम, लॅबमधी तुमच्या अजून ओळखी असतील ना. आमचे सँपल तेवढे पास करून द्या. आमचं बी काम, तुमचं बी काम." म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या शिक्षणाची त्याच्या लेखी किंमत काय, तर मागच्या दाराची किल्ली. डबा त्याच्या हातात परत दिला. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. रिटायर झालेली बाई आणखी काय विकणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

दुसरा एक मालक तासभर बसला. गोदामातली ओल, कीड, पॅकिंग, सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं, मला वाटलं हा काम देणार. उठताना त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, लई चांगलं मार्गदर्शन झालं. आणि गेला.

मार्गदर्शन हा शब्द मी तेव्हापासून शिवीसारखा ऐकते. वकिलाला कोणी म्हणत नाही की या सहज चहाला आणि माझी केस बघून जा. दाताच्या डॉक्टरकडे कोणी दातासाठी मार्गदर्शन मागत नाही. पण बाई असेल, पांढऱ्या केसांची असेल, आणि त्यातून आमच्यातली असेल, तर तिचं ज्ञान म्हणजे रस्त्याकडेचं कडुनिंबाचं झाड. येता-जाता कोणीही पाला ओरबाडावा.

असे दोन-अडीच महिने गेले. मग एका मोठ्या कंपनीच्या शेठचा फोन आला. स्वतः शेठचा. आवाजात तूप. म्हणाला, आठ मार्चला आमच्या प्लांटवर महिला दिनाचा कार्यक्रम हाय, तुम्ही याच, आणि तुमच्याशी जरा कामाचं बी बोलायचं हाय. मी कामाचं तेवढं ऐकलं. आठवडाभर बसून कामाची रूपरेषा लिहिली, फी लिहिली, अटी लिहिल्या, छापून घेतलं. बाबाला फोनवर सांगितलं की बहुतेक मिळालं.

हा शेठ कोण, ते सांगते. याचे आजोबा आणि वडील भुसारवाले. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ज्वारी, तूर, सोयाबीन घ्यायचं आणि विकायचं. पुढे बियाण्यात पैसा दिसला म्हणून याने बियाण्याची कंपनी काढली. यंत्रं आणली, पाट्या लावल्या, पोराला पुण्याहून एम.बी.ए. करून आणलं. डोकं मात्र मोंढ्यातच राहिलं.

प्लांटवर पोचले तर रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, सत्काराच्या बायका तिकडं बसल्यात, तुम्ही बी बसा. मी म्हणाले, माझी शेठशी कामाची भेट ठरली आहे. तिने फोन केला आणि मला आत सोडलं.

केबिनमध्ये शेठ आणि त्याचा मुलगा. मुलगा उठला नाही, पण इंग्रजीत बोलला. "आन्टी, यू आर लाइक मदर टू अस." मला एक मुलगा आहे. दुसऱ्याची मला गरज नव्हती.

शेठने मॅनेजरला बोलावून घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, आडनाव काय लावता तुम्ही? ह्याला अनाउन्स करायचंय." माझं आडनाव प्रयोगशाळेत माझ्या केबिनच्या दारावर पितळी अक्षरात होतं. त्या दाराबाहेरच्या बाकावर हा माणूस बसलेला आहे. त्याला आडनाव माहीत होतं. मॅनेजरसमोर ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. मी सांगितलं. मॅनेजरने मान हलवली. एकमेकांकडे बघायचीही त्यांना गरज पडली नाही.

मग शेठ कामावर आला. मागच्या हंगामात सोयाबीनच्या फार तक्रारी आल्या होत्या, शेतकरी डीलरच्या दुकानात येऊन भांडले होते, आणि यंदाही त्यांच्याच लॅबमध्ये उगवण कमी दिसत होती. "पॅकिंग करताना चांगलं दिसून राह्यलं, मंग मधीच काय होतंय काय कळंना. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, मी याच कामासाठी आले आहे. आणि कागद पुढे ठेवले.

त्याने ते वरच्या पानावरची फी दिसेल इतकेच उचलले आणि टेबलावर बाजूला सारले. पेढ्यांचं ताट आलं, ते त्यांच्यावरच ठेवलं. "तुम्ही तर आपल्या घरच्या हायेत मॅडम. पैशाचं काय घेऊन बसले. पेन्शन बी चालू हाय तुमची. आधी कार्यक्रम करू, मंग बोलू."

माझ्या कागदांवर तूप उमटत होतं. मी बघत होते. तरीही उठून गेले नाही. पेरण्यांना तीनच महिने उरले होते आणि मला काम हवं होतं. लाचारी कशी असते ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं.

कार्यक्रम गोदामात होता. स्टेज बघून मी दारातच थांबले.

स्टेज बियाण्याच्या गोण्यांचं होतं. गोण्यांवर गोण्या रचून माणसाच्या कमरेइतका चौथरा केला होता, वर सतरंज्या अंथरल्या होत्या, पाहुण्यांसाठी गाद्या आणि तक्के. शेठ अभिमानाने सांगत होता की ही त्यांच्या घराण्याची रीत आहे. आजोबा मालावर बसून धंदा करायचे, वडिलांनीही तेच केलं, म्हणून कंपनीचा कोणताही कार्यक्रम असो, दसरा असो, सव्वीस जानेवारी असो, तो मालाच्या गोण्यांवरच होतो. चढताना त्याने सगळ्यांना बजावलं, "चपला काढा, चपला काढा. अन्नाला पाय लागतो."

सगळ्यांनी भक्तिभावाने चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी बियाणं तुडवत वर गेले. मीही गेले.

आधी गोदामातल्या बायकांच्या फुगड्या झाल्या. त्याच गोण्यांवर. बिचाऱ्या मनापासून खेळल्या. त्यांचा काही दोष नव्हता. शेठच्या नातवंडांनीही मग वर चढून उड्या मारल्या. माझ्या तळपायाखाली सतरंजीतून दाणे सरकत होते. मला तो आवाज ऐकू येत होता. ढोलकी वाजत होती, तरी येत होता.

तुम्हाला समजावं म्हणून सांगते. सोयाबीनचं बी फार नाजूक असतं. मराठवाड्यातल्या मार्चच्या उन्हात ते वाळून कडक होतं. त्याचं साल कागदासारखं पातळ, आणि अंकुर सालीच्या अगदी लगत. गोणी उंचावरून टाकली, तिच्यावर कोणी चाललं, कोणी बसलं, की दाणा बाहेरून धडधाकट दिसतो पण आतला अंकुर मोडलेला असतो. मातीत पडल्यावर तो कुजतो. भुसारवाल्याला हे कळायचं कारण नाही. त्याचं सोयाबीन तेलाच्या घाण्यावर जातं. चिरडलं तरी तेल निघतं. बी हा जिवंत जीव आहे, ही गोष्ट पिढ्यानपिढ्या गोणीवर बसलेल्या डोक्यात यंत्रं आणून शिरत नाही.

त्याच्या उगवणीचं कारण माझ्या पायाखाली होतं. स्टेज हे तिथल्या एकूण वागण्याचं एक टोक होतं. हमाल गोण्यांवरूनच चालत होते, ट्रकमधून गोण्या फेकत होते, छतापर्यंत थप्प्या होत्या. मी दारातून स्टेजपर्यंत येताना सगळं पाहिलं होतं.

मग शेठ भाषणाला उभा राहिला. बायकांच्या मानाबद्दल बोलला. शेवटी डीलरांकडे वळून म्हणाला, "ज्या मालावर आज माय-माऊल्या खेळल्या, तोच माल आता तुमच्या दुकानात येणार हाय. शुभ झाला माल." डीलरांनी टाळ्या वाजवल्या.

धावड्यासारख्या खेड्यातला एखादा शेतकरी तो शुभ झालेला माल घेऊन जाईल, पेरेल, आणि वाट बघत बसेल. हे माझ्या डोक्यात आलं, आणि तेवढ्यात मॅनेजरने माझं नाव घेतलं. पुढे तो काय बोलला ते सुरुवातीला लिहिलं आहे.

शेठच्या बायकोने शाल दोन टोकांना धरून आणली. हात लांब ठेवून, बोटं माझ्या खांद्याला लागणार नाहीत अशा बेताने. मागे एक मुलगी नारळ घेऊन. फोटोवाला वाकला.

मला त्या क्षणी नीट कळलं. हे माझं मानधन होतं. माझ्याकडून फुकट काढून घ्यायचं होतं ते काढून घेण्याआधी मला गप्प करण्याचं हे साधन होतं. शाल पांघरलेली बाई फी मागत नाही. तिला मोठेपणा दिलेला असतो. आणि तो मोठेपणाही माझा नाही. तो देणाऱ्याचा. आम्ही भेदभाव मानत नाही, हे दाखवायला त्यांना एक आडनाव हवं होतं. ते मी स्वतःच्या पायांनी चालत घेऊन आले होते.

मी हात आडवा धरला. "राहू द्या, वहिनी." शाल तिच्याच हातात राहिली. मॅनेजरच्या हातातून मी माइक घेतला. तो इतका गोंधळला की त्याने दिला.

जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पाठ आहे.

"मी इथे सत्काराला आले नव्हते. काम मागायला आले होते. शेठच्या सोयाबीनची उगवण कशाने कमी होते ते मला आता कळलं आहे. ते सांगण्याची फी आहे. फीचा कागद शेठच्या टेबलावर पेढ्यांच्या ताटाखाली आहे. एक गोष्ट मात्र फी न घेता सांगते, कारण ती शेठची नाही, शेतकऱ्याची आहे. आपण ज्यावर उभे आहोत तो माल बियाणं म्हणून विकू नका. डीलर मंडळी, घेण्याआधी स्वतः उगवण तपासून घ्या. आणि तुमच्या बरोबरीने उभं राहायला मला या गोण्यांची गरज नाही."

कोणीतरी मागे हसलं. मग माइक बंद पडला, म्हणजे पाडला. मी खाली उतरले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.   

शेठ गेटपर्यंत मागे आला. आवाजातलं तूप संपलं होतं. म्हणाला, "कोट्यातून वर आलेल्या माणसाची खुर्ची गेली तरी माज जात न्हाई."

मी म्हणाले, "त्याच कोट्यातल्या खुर्चीसमोर तुम्ही चपला काढून यायचात."

तो काहीतरी बोलत राहिला. समोरून ऑटो आली, तिच्यात बसले.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. कापडवाला दुकानाच्या पायरीवरच उभा होता. म्हणाला, "मावशी, शाल तरी घेऊन यायची. लई भारी व्हती म्हणतेत." त्याला गंमत वाटली. मला नाही वाटली.

त्यानंतर दाराशी कोणी आलं नाही. मिठाईवालेही नाहीत, मार्गदर्शनवालेही नाहीत. बाजारात माझं नाव कडू बाई पडलं. एप्रिल गेला. बाबाने तिकिटांचे दर बघून ठेवले आणि फोनवर हळूच सांगितलं की लवकर काढली तर बरं पडेल. मी हो म्हणाले. पाटी रोज पुसत होते, पण खोलीत बसून दुपारभर रस्त्याकडे बघण्यात जी मानहानी असते ती स्टेजवर नव्हती. स्टेजवर निदान समोर कोणी होतं.

मे महिन्यात, भर उन्हात, एक माणूस मोटारसायकलवर आला. डोक्याला रुमाल. रफिकभाई, परतूरचा. बियाणं साफ करून प्रतवारी करायचा लहानसा प्लांट चालवत होता, आणि बियाण्याचं दुकानही होतं. त्या दिवशी डीलरांमध्ये तो बसलेला होता. खुर्चीवर बसला, पाणी प्याला आणि सरळ विषयावर आला.

"आपा, तुमी स्टेजवर बोल्ले, ते आमी ऐकलं. आमच्या मालाची बी तीच बीमारी हाय. काय करायचं सांगा."

"फी आहे."

"मालूम हाय. कितनी?"

मी सांगितली.

"जादा होतंय, आपा. आमी काय कंपनीवाले न्हाई. लहान धंदा हाय."

"मग राहू द्या."

तो उठला. दारापर्यंत गेला, चपला घातल्या. तिकीट माझ्या डोळ्यांसमोर होतं. जिभेवर आलं होतं की अर्ध्यात करू, चौथाईत करू, बसा. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली, हातात फिरवली आणि परत आत आला.

"आधे पहले, आधे काम झाल्यावर. मंजूर?"

"मंजूर. आणि आपा नाही. मॅडम."

"मॅडम. बराबर हाय."

माझा पहिला क्लायंट असा मिळाला. यात गोड काही नाही. त्याने मला आई म्हटलं नाही, माझ्या समाजाचं कौतुक केलं नाही, माझ्या संघर्षाला सलाम केला नाही. त्याला गरज होती, त्याने भाव केला, भाव पटला. इतकी स्वच्छ वागणूक मला त्या वर्षात दुसऱ्या कोणी दिली नव्हती.

परतूरला गेले. ब्लीचच्या पाण्यात त्याच्या मालाचे मूठभर दाणे टाकले. तडकलेले दाणे थोड्याच वेळात टम्म फुगून आले. त्याने वाकून बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मग मी प्लांट फिरून बघितला. यंत्रातून दाणा फार उंचावरून पडत होता, तिथे मध्ये कापडी घसरण लावायला सांगितली. थप्प्या कमी उंचीच्या करायला लावल्या. गोणी फेकायची नाही, तिच्यावर चालायचं नाही, बसायचं नाही. कोपऱ्यात त्याचे सासरे गोणीवर बसून चहा पीत होते. मी त्यांना उठायला सांगितलं. म्हातारबुवा चिडले. सारी उमर गोणीवर बसलो, आता ही बाई मला शिकवणार, असं बरंच बोलले.

रफिकभाई म्हणाला, "उठा अब्बा. फीस दिली हाय मी ह्यांना."

ते उठले. हे वाक्य मी तिथल्या तिथे मनात लिहून ठेवलं. तेच सांगणं मी फुकट सांगितलं असतं तर म्हातारबुवा आजही तिथेच बसलेले असते आणि रफिकभाईने मला चहा विचारला असता. त्याने उरलेली फी कुरकुर करत दिली. दिली मात्र. बाबाला मी सांगितलं, तिकीट काढू नकोस. तो म्हणाला, आई, तू हे आधीच ठरवलं होतंस. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते मी ऐकून घेतलं.

शेठच्या मालाचं काय झालं, तर डीलरांनी स्वतः उगवण घेऊन बघितली आणि तो लॉट कोणी उचलला नाही. तो तेलाच्या मिलला गेला. भुसाराच्या भावाने. शेठचे आजोबा असते तर त्यांना तो सौदा ओळखीचा वाटला असता.

पुढच्या हंगामाआधी त्याच्या मुलाचा फोन आला. तोपर्यंत माझ्याकडे आणखी काही लहान प्लांटचं काम आलं होतं. "आन्टी, पास्ट इज पास्ट. पप्पा म्हणून राह्यले, एकदा येऊन जा. यावेळी फीचं बी बघू."

मी म्हणाले, फी बघायची नसते, द्यायची असते. जी आहे तीच. अर्धी आधी. आणि करार माझ्या घरी होईल. शेठने स्वतः यायचं, समोर बसायचं, सही करायची आणि माझ्या हातचा चहा घेऊन जायचा.

 तो हळू आवाजात म्हणाला, "पप्पा येणार, तुमच्या घरी? चहा?" आणि लगेच, "ते जरा अवघड हाय, आन्टी." हे त्याने इंग्रजीत सांगितलं नाही.

मी फोन ठेवला. शेठ आलेला नाही. इतकी वर्षं झाली, नाही आला. त्याचं सोयाबीन उगवतं की कुजतं ते मी विचारत नाही.

त्या फोननंतर मी ती अट सगळ्यांना लावली. नवा क्लायंट कोणीही असो, कितीही मोठा असो, पहिली बैठक माझ्या घरी. चहा मी स्वतः करते, पुढ्यात ठेवते आणि कामाचं बोलायच्या आधी कपाकडे बघते. यंदा दोघांनी कप ओठाला लावला नाही. एकाने शुगर सांगितली, दुसऱ्याने उपवास. दुसरा गुरुवारचा उपवास सांगत होता, वार मंगळवार होता. दोघांचीही कामं मोठी होती. मी त्यांचे नमुने त्यांच्या हातात परत दिले आणि दार उघडून धरलं. पुढच्या वर्षी जे कप तसाच ठेवतील त्यांच्यासाठीही धरीन.